चहावाले सर

लिंबायतच्या खो-खोच्या मैदानावर सगळे त्यांना ‘चहावाले सर’ म्हणायचे, पण चहाचा घोट घेताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. दिवसा ते कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात असत, संध्याकाळी मुलींना शिकवत. एखादीच्या दुखण्याचा किंवा तिला शिबिराला धाडायचं का याचा प्रश्न आला, की ते तिच्या वडलांना म्हणत, “जरा समोरच्या लारीवरून चहा आणता का माझ्यासाठी?” वडील त्या हातगाडीवरून परत येईपर्यंत मुलीशी बोलून झालेलं असे. तो चहा मैदान झाडणाऱ्या बाईंना मिळे.

“बाप उभा असला की पोरीचा पाय दुखत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा एक वडील भडकले. “पोरगी माझी अन् ठरवणार तुम्ही?”

“ठरवा तुम्हीच, भाऊ. तुम्ही चहा आणा, मी खरं काय ते आणून देतो. मग बसून ठरवू.”

त्या वडलांनी हसत हसत दोन कप आणले होते.

माझी नेहा तेव्हा तेरा वर्षांची होती. जिल्ह्याच्या निवड-सामन्याला आठ दिवस होते आणि खांबाला वळसा घेताना ती डावा पाय जपते, हे सरांनी हेरलं होतं. तसं मलाही दिसलं होतं. आदल्या रात्री तिच्या गुडघ्याला मीच बाम चोळला होता. पण बँकेत मी सगळ्यांना सांगून बसलो होतो, पोरगी जिल्ह्याकडून खेळणार. स्कूटरवर मी तिला म्हणालो, “सर मला चहाला पाठवतील. विचारलं तर नाही दुखत म्हण. आठच दिवस.”

मी चहा घेऊन आलो, तेव्हा सर म्हणाले, “नाही म्हणते. दोनदा विचारलं. खेळवू?”

“खेळवा की,” मी म्हणालो.

सामन्यात तिसऱ्याच वळशाला ती खाली बसली. गुडघा असा गेला, की पुन्हा धावणं नाहीच.

पालकांच्या बैठकीत कोणीतरी टोमणा मारला, “चहाला पाठवून पाठवून हेच तपासलंत का सर?” सर उभे राहिले. “पोर माझ्यासमोर खोटं बोलली असेल, तर माझ्या विचारण्यातच खोट आहे.” पुढच्या सोमवारपासून ते मैदानावर आले नाहीत. मी मागच्या रांगेत होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही मला जमलं नाही.

दोन वर्षांनी ते कायमचे गावी, धुळ्याकडे निघाले. जाण्याआधी भेस्तानला आमच्या घरी आले. नेहासमोर बसले, माझ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, कोपऱ्यावरून चहा आणता का?”

आत ओट्यावर आधण उकळत होतं. तरीही मी किटली घेऊन निघालो.

परत आलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आतून त्यांचा आवाज आला, गावाकडच्या बोलीत, “सांग बेटी, दुखस का?” आणि मग नेहाचं रडणं. इस्पितळात ती रडली नव्हती, मैदान सुटलं तेव्हाही नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

किटली पार गार झाली, तरी मी ते दार ढकललं नाही.