गच्चीची किल्ली आणि माझ्या बोअरचं पाणी

मी शिकलो चौथीपर्यंत. पण वेस्ट मांबलमच्या आमच्या बिल्डिंगची बोअर मारली तेव्हा कुठं खणायचं ते मीच सांगितलं, आणि तिथंच पाणी लागलं. तेव्हापासून गच्चीची किल्ली माझ्या जानव्याला आहे. कपडे वाळत घालायचे तर लोकांना माझं दार वाजवावं लागतं. मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू.

मग गच्चीवर सोलर आलं. जिन्याखाली कपाटाएवढी बॅटरी बसली. दिवसभर ती भरायची, आणि संध्याकाळी लिफ्ट अन् गाड्यांचं चार्जिंग तिच्यावर. सोलरच्या काचा धुवायचं काम किल्लीवाल्याचं, म्हणजे माझं. बसवणारा सांगून गेला होता, बोअरचं खारं पाणी वापरू नका. मी म्हटलं, नळाचं पाणी आम्हाला प्यायला पुरेना, ते काचांना पाजू? रोज भर उन्हात बोअरच्या पाण्याचा पाइप मारायचो. थेंब निथळायच्या आत वाळायचे. माझं काम चोख.

दीड महिन्यात बॅटरी अर्धीसुद्धा भरेना. आमची सेक्रेटरी, रिटायर झालेली हेडमास्तरीण, भर मीटिंगमध्ये तमिळमधून गोड आवाजात म्हणाली की तात्तांनी, म्हणजे आजोबांनी, आता आराम करावा, किल्ली वॉचमनकडे द्यावी. वॉचमनकडे! मी एक आठवडा मागून घेतला.

दुसऱ्या मजल्यावर पुण्याचा एक इंजिनियर भाड्यानं राहतो. त्याची गाडी त्या बॅटरीवरच चालते. तो माझ्या तंजावरी मराठीला हसतो, म्हणून मी त्याला फारसा विचारत नसे. पण आता त्यालाच बोलावलं, आणि तो माझ्याबरोबर वर आला. काचेवर नख ओढलं. पांढरी भुकटी निघाली.

"आजोबा, अंघोळीचं पाणी तापवता त्या भांड्याच्या तळाला काय साचतं?"

दर महिन्याला मीच ते खरवडतो. माझ्या बोअरचा क्षार.

"धूळ आहे," मी म्हटलं.

"बरं, धूळ. पण ही धूळ व्हिनेगरनं निघते. वर चांगल्या पाण्याचा हात मारायचा आणि लगेच पुसून घ्यायचं."

तो ऑफिसला गेल्यावर मी घरातला पिण्याच्या पाण्याचा कॅन उचलला. बायको दारात उभी होती.

"अहो, आता पाजताय का काचांना?"

मी कॅन घेऊन जिना चढलो. तीन सकाळी गुडघे चोळत व्हिनेगरनं काचा पुसल्या. चौथ्या दिवशी दुपारीच बॅटरी काठोकाठ. हेडमास्तरणीनं काय केलंत म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, नव्या काचा, त्यांना उन्हाची सवय व्हायला वेळ लागतो. तिनं मान डोलावली. मागे उभा इंजिनियर चपलेचा पट्टा लावायला खाली वाकला तो बराच वेळ उठेना.

किल्ली जानव्यालाच आहे. दुसरी एक करून त्याला दिली. गप्प बसणाऱ्याला काहीतरी द्यावं लागतं. आणि इथं खरं लिहायला हरकत नाही, हेडमास्तरणीला मराठी वाचता येत नाही.