मनात आलं की वाजवणारे मास्तर

आमच्या गल्लीतल्या मास्तरांना मी नोकरी करतो याची फार कीव यायची. ते क्लॅरिनेट वाजवायचे. डॉल्बी अजून गल्लीत शिरला नव्हता, त्यामुळे लग्नसराईत गडमुडशिंगीपासून इचलकरंजीपर्यंतचे बँडवाले त्यांना बोलवायचे. सकाळी मी डबा घेऊन निघालो की ते कट्ट्यावरून ओरडायचे, “चाललासा काय सायेब, मस्टरवर सही ठोकायला? आपण न्हाय बाबा कुणाचं नोकर. मनात आलं की वाजवायचं!” त्यांच्या मनात हे नेमकं लग्नाच्या मुहूर्तावरच कसं यायचं, ते मी कधी विचारलं नाही.

एकदा पौषात, लग्नं बंद असताना, मी त्यांना घरी बोलावलं. म्हटलं, “मास्तर, आज वरात नाही, नवरदेव नाही. तुमच्या आनंदासाठी वाजवा.” मोठ्या ऐटीत खुर्चीत बसले. सूर काही लागेना. शेवटी वैतागून उठले, चालायला लागले आणि सूर लख्ख लागला. पण जन्मभर वरातीपुढं चालत वाजवलेल्या माणसाला माझी खोली किती पुरणार? वाजवत वाजवतच दाराबाहेर पडले. चहाचा कप हातात धरून मी नवरदेवाच्या बापासारखा त्यांच्या मागून.

आणि काय वाजवलं त्यांनी! कुठल्याच लग्नात तसं ऐकलं नव्हतं. कोपऱ्यावर ते थांबले, मागं वळले, क्लॅरिनेट ओठांवरून काढलं आणि अदबीनं मला विचारलं, “सायेब, थांबू का आता?”