चांगल्या बाजूची फुली

सुताराच्या हाताला एक सवय होती. फळीला रंधा मारून झाला, की तिच्या चांगल्या बाजूवर तो तांबड्या रंगाने फुली काढत असे. ती बाजू बाहेर, लोकांच्या नजरेस पडेल अशी बसवायची. तीस वर्षांत त्याने एकही फळी उलटी बसवली नव्हती आणि या गोष्टीचा त्याला रास्त अभिमान होता.

चक्रीवादळाची सूचना आली, तेव्हा त्याने घराच्या सर्व खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकल्या. शेवटची फळी बसताच माडीवरची खोली अंधारली. तो आत आल्यावर खाटेवरची म्हातारी आई म्हणाली, "मेल्या, जिवंतपणीच पेटीत घातलंस की मला."

"पेटीला जिना नसतो, आई."

"जिना असून माझ्या काय कामाचा? दोन पावलांत धाप लागते."

आईला जुना दमा होता. तोंडाने ओढायच्या औषधाचा पंप जेमतेम दोन दिवस पुरेल इतका उरला होता. वादळ एका दिवसाचे असते, अशी सुताराने मनाची समजूत घातली.

वादळ खरोखरच एका दिवसात गेले. पाणी मात्र गेले नाही. खालची खोली, तिच्यातली हत्यारे, अर्धवट झालेले कपाट, सर्व पाण्याखाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत मदतीच्या होडीचे इंजिन ऐकू आले. सुतार, त्याची बायको आणि मुलगी बंद खिडकीवर मुठी आपटू लागली. इंजिनाचा आवाज घरापाशी क्षणभर रेंगाळला आणि पुढे निघून गेला.

"अहो, एखादी फळी तरी ढिली ठोकायची होती," बायको म्हणाली.

"मला ढिलं ठोकता येत नाही."

खाटेचा पाय काढून त्याने दिवसभर स्वतःच्याच कामावर घाव घातले. संध्याकाळी एक फळी सुटली, तोवर गल्ली सुनी झाली होती. तिसऱ्या दिवशी कोणीही आले नाही. पंप रिकामा झाला.

चौथ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गल्लीतून एक होडी जाताना दिसली. मुलीने आजीची चादर फडकावली आणि होडी वळली.

"आम्ही परवाच येऊन गेलो," होडीवाला चकित होऊन म्हणाला. "तुमच्या खिडकीवर फुली आहे ना. फुली म्हणजे घर पाहून झालं, आत कुणी नाही."

"ती फुली माझी आहे," सुतार म्हणाला. "ती फळीची चांगली बाजू."

 होडीवाल्याने होडी भिंतीला लावली.

आईला होडीत उतरवले, तेव्हा ती पुटपुटली, "सुटले बाई पेटीतून." त्यानंतर ती बोलली नाही. त्याच संध्याकाळी रुग्णालयात तिने प्राण सोडला. "काल आणलं असतं, तर काही करता आलं असतं," डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. सुतार उभाच राहिला.

पाणी ओसरल्यावर कुटुंब घरी परतले. माडीची खिडकी सुताराच्या घावांनी मोडली होती. नवी होईपर्यंत सुटलेली तीच फळी पुन्हा लावणे भाग होते. बायकोने फळीचे दुसरे टोक धरले.

"अहो, उलटी बसतेय. फुली आत आली."

"असू दे."

"बाहेरून खडबडीत दिसेल. लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"म्हणू देत," तो म्हणाला आणि त्याने पहिला खिळा ठोकला.