डॉक्टरबाईंना ‘बरा झाला’ चालत नाही

डॉ. विमलबाईंची साठी आम्ही साजरी करतो आहोत, हे त्यांना आवडलेले नाही. आमची पहिली भेटही अशीच झाली. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या दवाखान्यात मी प्रयोगशाळा सहायक. मी नमस्कार केला, तर त्यांनी शौचाच्या नमुन्याची डबी उचलून विचारले, “सकाळची ना ही? जंतू मेल्यावर पंचनामा करता का, भाऊ?” तेव्हापासून ताजा नमुना मिळावा म्हणून सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन मी गावोगाव बसचे धक्के खाल्ले.

जंगलालगतच्या एका गावात सुमनच्या तान्ह्या मुलाचे जुलाब थांबत नव्हते. शौचात जिआर्डिया हा परजीवी दिसे. औषधाने जाई, पुन्हा येई. शिवाय कान वाहे, छाती भरे. तिचा पहिला मुलगा असाच गेला होता. सासू आणि आमचे कर्मचारी एका सुरात सुमनच्या अस्वच्छतेला दोष देत.

“पानी उकळून देऊन राह्यली ना, बाई! आता का पोरगंच उकळू?” ती एकदा कडाडली.

बाई तिच्याच माठातले पाणी प्यायल्या. मग आमच्याकडे वळल्या. “हिची मोठी मुलगी हेच पाणी पिते, ती ठणठणीत आहे. याच्या रक्तातच काही कमी नसेल कशावरून?”

मी म्हणालो, “देवाची इच्छा.”

“देवाचं देव बघेल, भाऊ. तुम्ही भिंग पुसा.”

रोज देवळात जाणारा मी भिंग पुसू लागलो.

रक्ततपासणीला पाठवायला वरिष्ठ टाळाटाळ करू लागले, तेव्हा बाईच मुलाला घेऊन नागपूरला गेल्या. रोगाशी लढणारी प्रथिने त्याच्या रक्तात जवळजवळ नव्हतीच. परतल्यावर त्यांनी सासूला चारचौघांत सांगितले, “आजार जन्माचा आहे. सुनेचे हात स्वच्छ आहेत.” सुमन तेव्हा प्रथमच रडली.

आता दरमहा ती प्रथिने सुईने द्यावी लागतात. औषध वेळेवर येत नाही; बाईंचा संताप मात्र वेळेवर येतो, आणि तो आमच्यावर निघतो.

यंदा मुलगा शाळेत जाऊ लागला. मी आनंदाने म्हणालो, “बरा झाला.”

“बरा झाला नाही, भाऊ. बरा ठेवलाय. पुढची सुई मागवली का?”

साठीचे सुमनला सांगितले, तर ती म्हणाली, “बाईले म्हणा, म्हातारं व्हाचं नाई. माह्या पोराची सुई हाय.”

बाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, हे मी देवाजवळ रोज मागतो. त्यावरही त्या रागावतील. रागावोत. सुई मी मागवली आहे.