तोंडावर बोट

कदम सर वर्गात पाय टाकायच्या आधी दारातूनच ओरडायचे, "हाताची घडी, तोंडावर बोट!" मग खुर्चीत बसून पेपर उघडायचे. कुणी हललं की, "ए बेण्या, मुंग्या चावल्या का?" फळ्यावरचं अक्षर सुरेख होतं त्यांचं, तेवढं कबूल. बाकी माणूस मला कधीच आवडला नाही.

मी सहावीत असताना माझं मन पार विझलं होतं. का, ते आजही सांगता यायचं नाही. धड्यातली दुसरी ओळ वाचेपर्यंत पहिली डोक्यातून गेलेली असायची. डबा तसाच घरी यायचा. मैत्रिणींशी बोलायचं त्राण नव्हतं. तोंडावर बोट ठेवून बसणं तेवढं जमायचं. सर खूश! मला मॉनिटर केलं. "सुमय्याकडं बघा जरा. पोर असावी तर अशी!"

अम्मी घाबरून शाळेत आली. "सर, पोरगी जेवत न्हाय, बोलत न्हाय. शिकवलेलं काहीच तिच्या डोक्यात शिरंना झालंय."

सरांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. "अहो, वळण लागलंय तिला. लोकं नवस करत्यात असल्या लेकरासाठी. जावा घरी."

अम्मी गेली. सरच सांगतायत म्हटल्यावर तिला बिचारीला ते खरंच वाटलं.

वार्षिक परीक्षेला मी कोरे पेपर दिले. तेच पेपर सरांनी भर वर्गात फडकवले. "मॉनिटर म्हणं! नुसती नाटकं हैत हिची. आळशी कुठली!"

माझं वर्ष गेलं. पुढं धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी अम्मीला समजावलं, की लहान लेकरांनाही नैराश्य येतं, त्यात अभ्यास सुचत नाही, पोर आळशी नाही. वर्षभर उपचार झाले, तेव्हा कुठं मला धडा सलग वाचता यायला लागला.

आता मी भूमच्या त्याच शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात सर वारले. शोकसभेत जो उठला तो "शिस्तप्रिय, शिस्तप्रिय" घोकत होता. माझ्या अंगाची आग होत होती. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "दोन मिनिटं शांत उभं राहू या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी दाराकडं निघाले.

"मॅडम, कुठं?" हेडमास्तर कुजबुजले.

"वर्गावर," मी मोठ्यानं म्हणाले.

त्या माणसापुढं सहावीचं अख्खं वर्ष मी गप्प बसले होते. वर ही दोन मिनिटं मी देणार नव्हते.