झाकणातली भाजी

परळला ऑफिससमोरच्या बागेत मी दुपारी डबा खायला एका बाकाच्या उजव्या टोकाला बसायचो. थोड्या वेळाने पन्नाशीच्या एक बाई येऊन मधोमध बसायच्या. डबा उघडला की आधी झाकणात चमचाभर भाजी काढायच्या, झाकण डावीकडे सरकवायच्या आणि मगच पहिला घास घ्यायच्या. डावीकडे कोणी नसायचं. पोळ्या संपल्या की ती भाजी त्याच नुसती खायच्या.

महिनाभराने मी विचारलं, "इथेच कुठे कामाला का?"

"मागच्या लॅबमध्ये. साखर बनवतो. चहातली नाही हो, औषधांच्या संशोधनाला लागते ती. साध्या साखरा एकेक करून एन्झाइमने जोडायच्या, लांब साखळी करायची. प्रत्येक जोडणीनंतर सगळं धुवायचं, मग पुढची. चौघी होतो, तरी आठवडे जायचे."

"आणि आता?"

"आता मशीनच जोडतं, मशीनच धुतं. मी एकटी शेजारी बसून बघते. काम चांगलं करतं, खोटं कशाला बोलू. माझ्यासारखं चुकत पण नाही." झाकणाकडे बघत त्या म्हणाल्या, "फक्त त्याला भूक लागत नाही."

मला उठून त्यांच्या डावीकडे बसता आलं असतं. चार पावलं लागली असती. मी मान हलवली आणि माझा डबा संपवला.

गणपतीच्या सुट्टीनंतर त्या आल्या नाहीत. मी हल्ली डाव्या टोकाला बसतो.