बोटीच्या आतला पत्रा

बायकोलाही हे ठाऊक नाही. तिला वाटतं, मी हुशारीनं वर चढलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढे जीभ उचलतच नाही.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट. जळगावात आमचा कारखाना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. केळी वाहणाऱ्या, उसाच्या, सगळ्या. मध्येच शेठनी अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीचं काम घेतलं. धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावांतल्या माणसांची ने-आण करायला. "पत्र्याचंच तर काम आहे," म्हणाले. खरंच होतं ते — पण कुठला पत्रा?

बोटीचे जोड वेल्ड केले आमच्या मिस्त्रींनी, नामदेवभाऊंनी. मला हातात पान्हा धरायला शिकवलं तेही त्यांनीच. माझ्याकडे आतल्या बाजूचे पॅनल बसवायचं काम होतं. बोटीच्या अंगाला आतून उभ्या पट्ट्या असतात. त्यावर पॅनल धरायचं, ड्रिल मारायचं, रिव्हेट ठोकायचा. भाऊंनी बजावलं होतं, "हळू मार रे भो, हाई ट्रॉली नही शे." मी हसलो. दहा वर्षं ट्रॉलीचे फाळके, म्हणजे बाजूचे पत्रे, बसवणाऱ्याला हे शिकवतात!

ट्रॉलीच्या फाळक्याला ड्रिल आरपार गेलं की काम झालं. भोकातून पाणी गळालं तर उलट बरंच. माझा हात तोच — शेवटी अंगाचा भार टाकायचा. डाव्या बाजूच्या एका पट्टीवर तो तसाच पडला. ड्रिलचं टोक पट्टीतून गेलं आणि मागच्या, बोटीच्या बाहेरच्या पत्र्यातूनही. तिळाएवढं भोक. नेमकं भाऊंच्या जोडाला लागून, पाण्याच्या रेषेच्या खाली.

भाऊ पलीकडेच चहा पीत होते. हाक मारली असती तर पाच मिनिटांत त्यांनी ते बुजवलं असतं. मग का नाही मारली? ते हसतील म्हणून. एवढंच. मी भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, बाहेरून रंग फिरवला, आतून पॅनल ठोकून टाकलं.

पावसाळ्यानंतर बोट परत आली. भर पाण्यात आत पाणी साचलं होतं. बायाबापड्या डब्यांनी उपसत काठाला लागल्या होत्या. कुणी बुडालं नाही. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय.

लांबी निघून गेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वेल्डिंगच कच्चं वाटावं. भाऊ एवढंच म्हणत राहिले, "पॅनल खोला, आतून पाहू द्या." शेठनी माझ्याकडे पाहिलं. तिथं खरं बोलायला जागा होती ना? होती. चांगली ऐसपैस होती. मी म्हणालो, "खोललं तर पत्रा वाया जाईल शेठ. माझं काम पक्कं आहे."

भाऊंना त्याच आठवड्यात काढलं. त्यांच्या जागी मला मिस्त्री केलं. आणि पहिलं काम काय मिळालं? तीच बोट दुरुस्त करायचं. मी एकट्यानं पॅनल खोललं, भोक पाहिलं, बुजवलं, पुन्हा बंद केलं. आता सांगावं तर मिस्त्रीपण जाणार, न सांगावं तर रोज भाऊंच्याच टेबलावर डबा उघडायचा. इकडे आड, तिकडे विहीर — आणि दोन्ही मीच खणलेली. नोकरी सोडायची म्हटली तरी घरी कारण काय सांगणार?

सहा-सात वर्षांनी भाऊ धुळ्याच्या स्टँडवर भेटले. खिडक्यांच्या जाळ्या वेल्ड करत होते कुठंतरी. मला पाहून त्यांना आनंदच झाला. चहा पाजला, पोरांची चौकशी केली. मग आपणहून बोटीचा विषय काढला.

"मन्हाच हात चुकना व्हई भो," म्हणाले. "तईपासून अ‍ॅल्युमिनियमले हात नही लावा मी."

माझी बस लागली होती. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, भाऊ." आणि चढलो.